पेशीचा उंबरा : कमलताई रणदिवे आणि आपण



कॅन्सर हा शब्द आपल्याकडे बायका मोठ्यानं उच्चारत नाहीत. "तिला तसलं निघालंय" म्हणतात आणि आवाज खाली जातो. कुणी करणी म्हणतं, कुणी मागल्या जन्माचं काढतं. मागे गटाच्या बैठकीत एकीनं सरळ विचारलं, की हा रोग शरीरात येतो तरी कुठून? उत्तर शोधता शोधता आम्हाला पुण्याच्या एका बाईंची गोष्ट सापडली. ती सांगायची तर आधी पेशी म्हणजे काय ते सांगायला हवं. तळेगावला बी.एस्सी.ला जाणाऱ्या आपल्या लेकी पहिल्या वर्षी हेच शिकतात. त्यांच्या वह्या चाळून आम्हीही थोडं शिकलो, तेवढं तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या गावाचं नाव नवलाख उंबरे. पूर्वी इथे म्हणे नऊ लाख उंबरठे होते. मोजायला कुणी गेलं नव्हतं. पण आपल्या शरीरात मात्र खरोखरच तीस लाख कोटींच्या आसपास घरं आहेत. या घरांना पेशी म्हणतात. १६६५ साली रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज माणसानं बुचाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला ओळीनं खोल्या दिसल्या, आणि 'खोली' हेच नाव इंग्रजीत कायम झालं. प्रत्येक पेशीला पातळ पापुद्र्याचा उंबरा असतो. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, ते हा उंबरा ठरवतो. आत छोट्या छोट्या चुली असतात, त्यांत अन्न जळून शक्ती मिळते. गंमत अशी, की या चुली प्रत्येकाला फक्त आईकडून मिळतात. बापाचा वाटा त्यात नसतो म्हटलं तरी चालेल.

घराच्या मधोमध देवघरासारखं केंद्रक. त्यात डीएनए नावाचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. एकाच पेशीतला हा धागा उलगडला तर दोन मीटर भरतो, म्हणजे नऊवारीचा पाव हिस्सा, आणि तो अशा खोलीत मावतो जी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. नाक कसं असावं, रक्त कसं बनावं, जखम कशी भरावी, सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं. तो धागा ४६ तुकड्यांत असतो, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. २३ आईची, २३ बापाची. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी पिठात होणाऱ्या अळ्या तपासून नरमादीचा हा उलगडा केला. पिठातल्या अळीनं सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट अजून किती सासवांपर्यंत पोचायची आहे, ते तुम्हीच बघा.

आता कमलताई. त्या माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटे, म्हणून कमल हुजूरपागेत गेली. वडिलांची इच्छा होती की तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून वनस्पती आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पुण्याच्या शेतकी कॉलेजात एम.एस्सी. केलं, आणि १९३९ साली गणित शिकलेल्या जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न केलं. एम.एस्सी.चा विषय ऐकून आम्हाला बरं वाटलं: सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रं. आपण बांधावरचं सीताफळ फोडून खातो, त्याच्या पेशीतले धागे ही बाई भिंगाखाली मोजत बसली होती.

लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली उघडलं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर होते. कॅन्सर माणसाच्या चालीरीतींशी कसा जोडलेला असतो, याचा त्यांना ध्यास होता. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाईंनी कमरेवर धोतर करकचून बांधून वर्षानुवर्षं कातडी घासल्यानं होणाऱ्या कॅन्सरविषयी लिहिलं. परकराच्या नाडीनंही तसं होऊ शकतं, हे पुढे डॉक्टरांना दिसलं. प्रकार विरळा आहे, घाबरू नका. पण कमरेवर काळा पट्टा पडला असेल, कातडी सोलवटत असेल, तर नाडीची जागा बदला, रुंद पट्टी लावा, आणि न भरणारी जखम दाखवून घ्या.

खानोलकरांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातली पेशी काढून काचनळीत जिवंत ठेवायची, वाढवायची, हे गाय यांचं काम. नळ्या एका फिरत्या पिंपात लावलेल्या, म्हणजे खाद्य सगळ्या पेशींना पोचावं. खाद्यात कोंबडीच्या रक्तातला द्रव आणि बाळंतपणात नाळेतून मिळालेलं रक्तसुद्धा असे. तरीही माणसाच्या पेशी थोड्या दिवसांत मरून जात.

त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक घटना घडली. हेन्रिएटा लॅक्स नावाची काळ्या वर्णाची बाई, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतात राबत मोठी झालेली, ओटीपोटात गाठ लागते म्हणून दवाखान्यात आली. तेव्हा काळ्या रुग्णांचे वॉर्डही वेगळे होते. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी त्या गाठीचा तुकडा काढून गाय यांच्याकडे पाठवला, आणि मेरी क्युबिसेक या मदतनीस मुलीनं तो नळ्यांत घातला. या पेशी मेल्या नाहीत. साधारण दिवसाला दुप्पट होत गेल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. तिच्या नावावरून त्यांना 'हेला' म्हणतात. पोलिओची लस पारखताना त्याच पेशी वापरल्या. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आपल्या पेशी ठेवून घेतल्या हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. दवाखान्यात आपल्यापुढे कागद येतो, आपण अंगठा किंवा सही करून मोकळ्या होतो. त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. वाटायला नको.

तर कॅन्सर येतो कुठून? पेशी एकीची दोन होते, तेव्हा आधी तो दोन मीटरचा धागा उतरवून घेते. उतरवताना कधी चूक होते. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, जमलं नाही तर स्वतःला संपवते. पण "थांब" सांगणारी जागाच बिघडली तर पेशी थांबत नाही. वाढतच जाते, दुसऱ्यांचं अन्न खाते, आपला उंबरा सोडून भलत्या घरात शिरते. म्हणजे कॅन्सरची पेशी आपलीच असते. हेलाच्या पेशीत तर ४६ ऐवजी ऐंशीच्या घरात गुणसूत्रं भरतात, इतका घोळ झालेला.

मग बाहेरून काहीच येत नाही का? येतं. जर्मनीच्या हॅरल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ साली दाखवलं, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हेलाच्या पेशींतही तो सापडला. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू पेशीची "थांब" म्हणणारी प्रथिनं निकामी करतो. तो शरीरसंबंधातून येतो, बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो, आणि तो आला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोलण्याचं कारण नाही. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. काहीजणींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर करतो. ही मधली वर्षं आपल्या हातात असतात.

कमलताई परत आल्या आणि मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानतात. उंदरांवर काम करून त्यांनी स्तनाचा कॅन्सर, अनुवंश आणि शरीरातले संप्रेरक यांचा संबंध शोधला. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती असू द्या.

आमच्या दृष्टीनं त्यांच्या कामाचं खरं फळ पुढच्या काळात खेड्यात दिसलं. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. आणि १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि एका भागात नेहमीसारखंच. आठ वर्षांनी बघितलं, तर एचपीव्ही चाचणीच्या भागात सुमारे ३४ हजार बायकांत ३४ जणी दगावल्या होत्या; काही न केलेल्या भागात सुमारे ३१ हजारांत ६४. एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण ज्यांची तपासणीच केली नाही त्यांचं काय, हा प्रश्न पुढे जोरात विचारला गेला, आणि आम्हालाही तो रास्त वाटतो. त्या चौसष्ट बायका आपल्यासारख्याच शेतात जाणाऱ्या होत्या.

आम्ल लावून केलेल्या एकाच पाहणीचा धाराशिवला फारसा उपयोग दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र हीच पाहणी दर दोन वर्षांनी, चारदा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून "मी एकदा करून घेतली" एवढ्यावर थांबून चालत नाही.

निवृत्तीनंतर कमलताई कुठे गेल्या, तर अकोले तालुक्यात. आपल्या मावळासारखाच तो सह्याद्रीतला डोंगराळ, आदिवासी मुलूख. तिथे आदिवासी मुलांचं पोषण त्यांनी तपासलं आणि बायकांना आरोग्य शिकवलं. गुणसूत्रं मोजणाऱ्या बाई लेकरांचं वजन मोजू लागल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

ही आम्लाची पाहणी सरकारी योजनेत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी, मोफत धरलेली आहे. कापाकापी नाही. आतून पातळ आम्ल लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग दिसतो का बघतात. पाळी चालू असताना जाऊ नका. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, घाण वासाचं पांढरं जात असलं, तर शिबिराची वाट न बघता डॉक्टरकडे जा. आमच्या गटातल्या काहीजणी मिळून जायचं ठरवतोय. यायचं असेल तर आशाताईंकडे नाव द्या, आणि सासूबाईंनाही विचारा, त्यांचं वय बसत असेल.