आईकडून बाळाकडे : एझेडटी आणि प्लासिबोचा वाद

एचआयव्हीचा प्रतिबंध म्हटलं की लोक लगेच लशीचं विचारतात. लस अजून नाही. पहिलं मोठं यश आलं ते एझेडटी या जुन्याच औषधातून. अमेरिका आणि फ्रान्समध्ये ‘०७६’ क्रमांकाची चाचणी झाली. गरोदरपणी आईला गोळ्या, कळा सुरू झाल्या की शिरेतून औषध, मग सहा आठवडे बाळाला तेच औषध पातळ करून. १९९४ मध्ये आकडे आले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण. औषधाच्या गटात ८.३. प्लासिबो तिथेच थांबवला.

आता अडचण बघा. हा उपचार गरीब देशांना परवडणारा नव्हता. म्हणून थायलंड आणि आफ्रिकेत आखूड, स्वस्त उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांत पुन्हा प्लासिबो! १९९७ मध्ये पीटर लुरी आणि सिडनी वुल्फ यांनी विचारलं, औषध ठाऊक असताना हे चालतं कसं? संशोधक म्हणाले, तिथल्या बायकांना एरवी काहीच मिळत नाही, मग तुलना त्याच्याशीच हवी. या युक्तिवादाला उत्तर देणं सोपं नाही. मला मात्र तो पटत नाही.

फेब्रुवारी १९९८ मध्ये बँकॉकचा निकाल आला. छत्तिसाव्या आठवड्यापासून फक्त गोळ्या, तरी लागण निम्म्यावर! त्यानंतर आफ्रिकेतल्या चाचण्यांतही प्लासिबो देणं थांबलं. बँकॉकच्या प्लासिबो गटात तोवर सुमारे १९ टक्के बाळांना लागण होऊन गेली होती.