तान्ह्याची त्वचा आणि तेल
नवजात बालकाच्या अंगावरील पांढुरका लेप, ज्यास प्राचीनांनी ‘उल्ब’ म्हटले, तो काढून बलातैलाने अभ्यंग करावा, असे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान सांगते. तेल टिकले, लेपाविषयीचा निर्णय मात्र फिरला. कोवळ्या त्वचेला तोच कोरडी पडू देत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना आता पहिले स्नान २४ तास लांबवावयास सांगते.

तेल कोणते, हा प्रश्न अधिक मोलाचा. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची त्वचा इतकी तलम, की जंतूंना तीच वाट सापडते. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अशा बालकांस सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा रुग्णालयात जडणारा जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. उत्तरेचे लाडके मोहरीचे तेल मात्र उंदरांवरील प्रयोगात त्वचेला सावरू न देणारे ठरले होते. मलमांचा दिमाखही २०२० साली उतरला : ब्रिटनमधील १,३९४ बालकांच्या चाचणीत, वर्षभर रोज मलम लावलेल्यांतही इसब कमी आढळला नाही.