काळ्या मोहऱ्यांचा हल्ला

काळी मोहरी वाट्याला आली की हल्ल्याचा शौकीन हिरमुसतो. पहिली चाल पांढऱ्याची! अशाला आम्ही कलकत्त्यास नेऊ. देशी बुद्धिबळात प्यादे आरंभीही एकच घर सरके. महेशचंद्र बॅनर्जींचा हात त्यातच घडलेला. 1850 च्या दशकात बॅरिस्टर जॉन कॉक्रेनशी एका डावात त्यांनी दोन प्यादी एकेक घर सारली, किल्लेकोट केला. कॉक्रेनची चार प्यादी ओळीने पुढे आली. मग महेशचंद्रांनी घोडा दिला, वजीरही माऱ्यात सोडला. कॉक्रेनने तो घेतला मात्र, काळ्या प्याद्याने बाजूचे प्यादे मारून उंटाची वाट मोकळी केली. पांढरा वजीर पडला, डावही गेला. युरोपीयांनी या मांडणीला हिंदी बचाव म्हटले (बचाव कसला!) आणि विसाव्या शतकात सोव्हिएत खेळाडू ब्रॉनस्टाइन व बोलेस्लाव्हस्की काळ्या मोहऱ्यांनी तीच जिंकण्यासाठी खेळले.