कुंपणावरचा हॉथॉर्न

३. हॉथॉर्न : गुलाबाच्या कुळातले काटेरी, पानझडी झाड. १८व्या-१९व्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधली गायराने खासगी झाली, तेव्हा हद्दींवर मैलोगणती हेच लावले गेले. लेखक या कुंपणांच्या शोभेत रमतो. त्यामागे गरिबांची बंद झालेली चराई आहे, याची वाचकाने नोंद ठेवावी. बागेत ते बियांपासून वाढवणे चिकाटीचे काम, कारण फळातली टणक आठळी बहुधा दोन हिवाळे सोसल्याशिवाय रुजत नाही. म्हणून माळी नोव्हेंबर ते मार्चदरम्यान, रोपे निष्पर्ण असताना, उघड्या मुळांची रोपेच लावतात; कुंपणासाठी साधारण फूटभर अंतरावर. जमीन कसलीही चालते, फक्त पाणी साचणारी नको. मेमधली पांढरी फुले मागील हंगामाच्या काड्यांवर येतात, त्यामुळे दरवर्षी कातरलेल्या कुंपणाला बहरही बेताचा आणि पाखरांसाठी लाल फळेही थोडीच. (फुलांना किंचित कुजकट वास असतो, ती घरात आणणे इंग्रज खेड्यांत अशुभ मानत.) याच प्रजातीतली एक निराळी जात काश्मीरमध्ये आढळते. — संपादक