गोधडीवर नाव कुणाचं?

मागच्या डिसेंबरात भारतातून परत निघताना बॅगा भरायचा नेहमीचा कार्यक्रम चालू होता. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बायकोने लिहून दिलेली यादी, आणि दर दहा मिनिटांनी बॅग वजनकाट्यावर चढवणं. त्यात शेवटी मी एक गाठोडं कोंबलं. आई म्हणाली, "अरे, तिकडे गोधडी कशाला नेतोस? तुमच्याकडे घरभर हीटर असतात ना? आणि ती धड पुरी तरी झालीय का!"

गोधडी अर्धवट आहे हे खरं. ती माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची. मंगळवेढ्याच्या घरी १९८४ साली तिने ती शिवायला घेतली आणि त्याच वर्षी ती गेली. इरकली लुगड्यांचे तुकडे, आत आजोबांच्या जुन्या धोतरांचे थर, आणि मधेमधे एका काळ्या चंद्रकळेचे चौकोन. कडेपासून सुरू होऊन आत आत येत गेलेला पांढरा धावदोरा, आणि मधोमध दोन हात जागा मोकळी. सुई होती तिथेच टोचलेली होती. चाळीस वर्षं ट्रंकेत राहून ती गंजली होती, आणि तिच्याभोवतीचं कापड तपकिरी होऊन विरलं होतं.

आता ही गोधडी नेपरव्हिललाच का आणली, ते सांगतो. नेपरव्हिल हे शिकागोच्या पश्चिमेला साधारण तीस मैलांवरचं गाव. १८३१ साली जोसेफ नेपर नावाच्या माणसाने वसवलं म्हणून हे नाव. १९६६ मध्ये इथे बेल लॅब्सचं 'इंडियन हिल' नावाचं केंद्र सुरू झालं आणि टेलिफोनवाले इंजिनियर इथे येऊ लागले. (या नावाशी आम्हा देशी मंडळींचा काही संबंध नाही, पण त्यावरचे विनोद आम्ही सगळ्यांनी करून झाले आहेत.) मीही त्याच टेलिफोनच्या वाटेने आलो आणि राहिलो. आमच्या पलीकडच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या बेसमेंटमध्ये गाडी उभी राहील एवढं मोठं शिवणटेबल आहे, भिंतीला रंगाच्या बादल्या आहेत, आणि एका कपाटावर चिठ्ठी आहे: 'यूएफओ'. मला आधी वाटलं बाईंना उडत्या तबकड्यांचा नाद आहे. पण क्विल्ट शिवणाऱ्यांच्या भाषेत यूएफओ म्हणजे 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट', हाती घेऊन अर्धवट राहिलेलं काम. त्यातल्या कित्येक त्यांच्या नव्हत्याच. कुणाच्या आईच्या, कुणाच्या आत्याच्या. घरच्यांनी आणून दिलेल्या, पुऱ्या करण्यासाठी.

क्विल्ट आणि गोधडी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्की आहेत. दोन्हीत थर असतात आणि ते टाक्यांनी एकत्र धरलेले असतात. क्विल्टमध्ये वर तुकड्यांची नक्षी, मधे कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर आणि खाली अस्तर. गोधडीत मधेही जुनं कापडच. नातं आणखीही जुनं आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या श्रीमंत घरांतल्या क्विल्टना भारतातून आलेलं छापील सुती कापड लागत असे. त्याचं इंग्रजी नाव 'चिंट्झ', म्हणजे आपलं चीट. 'पॅलमपोर' म्हणजे पलंगपोस, 'कॅलिको' म्हणजे कालिकतचं कापड, 'बँडाना' म्हणजे बांधणी, आणि 'डंगरी' म्हणजे चक्क मुंबईची डोंगरी! इंग्लंडच्या गिरणी-धंद्याने या कापडाचा एवढा धसका घेतला, की तिथल्या पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायदे करून ते अडवलं.

तर गोधडी टेबलावर पसरली. बाईंनी पांढरा ओला रुमाल प्रत्येक रंगावर दाबून पाहिला, रंग सुटतो का ते. मग बोट ठेवलं ते चंद्रकळेच्या चौकोनांवर. लाल, निळे, हिरवे सगळे तुकडे शाबूत, फक्त काळे ठिकठिकाणी फाटलेले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच होतं. जुन्या क्विल्टमध्ये आधी काळा आणि तपकिरी जातो."

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पूर्वी सुती कापड काळं करायचं तर हिरड्यासारख्या तुरट फळाचा काढा आणि लोखंडाचं पाणी वापरत, आपल्याकडेही आणि पाश्चात्य देशांतही. रंग पक्का बसतो, पण तेच लोखंड वर्षानुवर्षं सुताचे धागे खात राहतं. पुढे गिरणीत गंधकाचा स्वस्त काळा रंग आला. त्यातून कापड पडून राहिलं की हळूहळू आम्ल तयार होतं आणि कापड कुजतं. आजीच्या गंजक्या सुईने तिच्याभोवती केलं ते याच जातीचं काम. लाल रंगाची गोष्ट उलटी. तुरटीने बसवलेला मंजिष्ठाचा किंवा आलीच्या मुळांचा लाल शतकभर टिकतो. आपल्याकडचे निराळी आणि रंगारी हे सगळं हाताने करत. पुण्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब जावळे 'रंगारी' म्हणून ओळखले जात, ते शालू रंगवण्याच्या धंद्यामुळेच. पण १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग काढला. १८६९ पासून मंजिष्ठाचा लाल कारखान्यात बनू लागला, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ आली, आणि रंगाऱ्यांची पिढीजात विद्या बसली.

बाईंच्या बादल्यांमध्ये जो रंग असतो त्याचं नाव प्रोसिऑन. पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, आयसीआय या इंग्लिश कंपनीने तो बाजारात आणला. आधीचे बरेचसे रंग धाग्यात नुसते अडकून बसत किंवा तुरटी-लोखंडाचा हात धरून राहत. हा रंग सुताच्या रेणूशीच रासायनिक बंध जोडतो. त्यासाठी उकळावं लागत नाही. साधं पाणी, मीठ आणि धुण्याचा सोडा पुरतो. म्हणूनच हाताने कापड रंगवण्याचा छंद घराघरात पोचला. (पूड मात्र नाकात जाता कामा नये, त्यामुळे बाई तोंडाला मास्क लावल्याशिवाय डबा उघडत नाहीत.)

चंद्रकळेच्या जागी काय लावायचं? दुकानातलं कोरं काळं कापड त्या जुन्या रंगांत ठिगळासारखंच दिसलं असतं. म्हणून पांढरं सुती कापड घेऊन आम्ही फिका काळा रंगवायला बसलो. पहिला तुकडा जांभळा निघाला. बाजारचा काळा म्हणजे दोन-तीन रंगांचं मिश्रण, पातळ केलं की एकेक बाहेर डोकावतो. मग जांभळ्याला मारायला चिमूटभर पिवळा. सहाव्या तुकड्याला चाळीस वर्षं जुनी चंद्रकळा साधली. हातरंगाईचं कापड कधी एकसारखं रंगत नाही, कुठे गडद, कुठे उतरलेलं. जुन्या कापडाशेजारी तेच शोभतं.

मग बाईंनी एक पांढरी पट्टी आणि पेन काढलं. मागच्या बाजूला नाव लिहिल्याशिवाय कुठलीही गोधडी त्यांच्या घरातून बाहेर जात नाही. "कुणी शिवली?" मी म्हटलं, आजीने. "नाव?" मी आजीचं नाव सांगितलं. "आणि लग्नाआधीचं?"

मी गप्प. मला माहीत नव्हतं.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची केवढी हौस! भांडेवाला मशीन हातात घेऊन विचारतोच, "काय नाव घालू?" आमच्या घरी अजून १९६२ सालचा तांब्या आहे, देणाऱ्याच्या नावासकट. पण गोधडीवर कुणी कधी नाव घातलेलं मी पाहिलं नाही. उखाण्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचं, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर बाईचं स्वतःचं नाव पुसून नवीन लिहायचं.

इकडे सगळं आधीपासून नोंदवलेलं असतं असं मात्र समजू नका. कापडावर लोखंडाच्या शाईने लिहिलं तर तीही कापड खायची. चांगली पक्की शाई मिळू लागल्यावर १८४० च्या दशकात नावांच्या क्विल्टची लाटच आली. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाला मागे राहणाऱ्यांनी एकेका चौकोनावर सही करून क्विल्ट द्यायचा. त्याच काळात पेनसिल्व्हेनियातून जर्मन वंशाची कुटुंबं नेपरव्हिलला येऊन राहत होती. पुन्हा भेट होईल याची खात्री नाही, तेव्हा निदान नावं तरी सोबत असू देत. पण घरच्या साध्या क्विल्टवर बहुधा काहीच नसे. १९८१ मध्ये केंटकी राज्यात आणि पुढे एकेक करून इलिनॉयसह इतर राज्यांत जुन्या क्विल्टची मोजदाद झाली. लोक क्विल्ट घेऊन यायचे, तिथले स्वयंसेवक फोटो काढायचे, मापं घ्यायचे आणि विचारायचे: हे कुणी शिवलं? उत्तर पुष्कळदा 'आजीने' एवढंच.

आणि नाव लिहिलं तरी ते खरं असेलच असं नाही. याचा किस्सा इथून तासाभरावरचा. १९३३ साली, ऐन मंदीत, शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने सिअर्स कंपनीने क्विल्टची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस १,००० डॉलर. त्या दिवसांत कित्येक घरांचं हे वर्षाचं उत्पन्न. देशभरातून २४,००० च्या वर क्विल्ट आले. नियम एकच महत्त्वाचा: काम स्पर्धकाचं स्वतःचं हवं. बक्षीस मिळालं केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मार्गरेट रॉजर्स केडन यांच्या ताराकृती क्विल्टला. तो पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट यांना भेट दिला गेला आणि नंतर कुठे गेला याचा पत्ता नाही. बऱ्याच वर्षांनी मेरिके वाल्डव्होगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोघींनी या स्पर्धेचा शोध घेतला. १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातून कळलं, की केडनबाईंनी तो शिवलाच नव्हता. मजुरीवर इतर बायकांनी शिवला. त्यांना हातावर नेहमीची मजुरी मिळाली, बक्षिसातला वाटा नाही. पैशांची गरज असल्याने त्या गप्प बसल्या.

हे ऐकून मी म्हटलं, बरं झालं, आमच्याकडे निदान तसली लबाडी नाही. गोधडी आजीची, तिचं नाव शोधून काढू, लिहू, झालं.

शनिवारी सकाळी आईला फोन लावला. आईला आजीचं माहेरचं आडनाव आठवत होतं, नाव नाही. "थांब, ताईला विचारते." ताई म्हणजे माझी थोरली मावशी, वय ८६, सोलापूरला असते. आईने तिला त्याच फोनवर जोडून घेतलं. मावशीने नाव क्षणात सांगितलं. वर विचारलं, "पण तू हे सगळं कशासाठी विचारतोस?"

मी सांगितलं: आजीची गोधडी पुरी करतोय, त्यावर तिचं नाव लिहायचंय.

"आईची कसली रे? भोवतालची पहिली कड माझ्या हातची आहे. टाके बघ, लांब लांब असतील. आई मला ओरडायची त्यावरून. मग शेजारच्या दोघी होत्या. एकटीने कुणी गोधडी शिवतं का? दुपारची भांडी झाली की चौघी चार बाजूंनी बसायचो."

फोन ठेवून मी गोधडी पुन्हा पसरली. चाळीस वर्षं 'आजीची' म्हणून ठेवलेली, आणि आता नीट पाहिलं तर चार हातांचे टाके चार तऱ्हेचे. एका कडेचे लांब. एका कडेचे बारीक, मोजून टाकल्यासारखे. एका बाजूला दोरा दर वीतभर अंतरावर दुहेरी. केडनबाईंची लबाडी मी न कळत, प्रेमाने करायला निघालो होतो, एवढाच फरक.

उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका अशाच कवंदी शिवतात, कडेकडून आत, आणि कोपऱ्यात फुलं म्हणून रंगीत घड्या लावतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक हेन्री ड्र्यूअल यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि त्यांच्या कवंदी शिवणारीच्या नावानिशी अमेरिकेत प्रदर्शनांना आल्या. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. कुणीतरी वेळेवर विचारायला हवं.

राहिलेलं मधलं दोन हात मीच शिवतोय, रोज अर्धा तास. मी पांढराच दोरा घेणार होतो, पण बाई नको म्हणाल्या. "तुझ्या आजीचं कुठे संपलं ते दिसू दे." म्हणून निळा घेतलाय. माझे टाके मावशीच्यापेक्षाही लांब पडतात, ओरडायला मात्र कुणी नाही. आईचं मत वेगळं. ती म्हणते, "गोधडी काय देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू आहे का? लवकर संपव आणि पांघर." तेही खरंच.

शेजारच्या त्या दोघींपैकी एकीचं नाव मावशीला आठवलं आहे. दुसरीसाठी आई येत्या दिवाळीत मंगळवेढ्याला जाणार आहे, जुन्या वाड्यात अजून कुणी असेल तर विचारायला. तोवर पट्टीवर एक ओळ मोकळी सोडली आहे.

तुमच्या घरी ट्रंकेत गोधडी असेलच. ती कुणी शिवली ते सांगणारं माणूस अजून फोनवर मिळत असेल, तर आज रात्रीच फोन करा.