परक्या देशात पहिली नोकरी : १९३३ मधले दोन बायोकेमिस्ट

तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीसाठी परदेशातल्या प्रयोगशाळांना ई-मेल पाठवत असतील. मीही पोस्टडॉकसाठी पाठवतोय आणि बहुतेकांचं उत्तर येत नाही. मग रात्री सीव्ही उघडून बसायचं आणि काय कमी पडलं ते शोधायचं! पण नव्या देशात संशोधकाला काम मिळतं ते नेमकं कशाच्या जोरावर? त्यासाठी आज १९३३ सालात जाऊ या.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी सरकारने कायदा करून ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात केली. तिथली विद्यापीठं सरकारी, त्यामुळे प्राध्यापक आणि संशोधकही त्यात आले. फ्रायबुर्गमधले हान्स क्रेब्ज त्यांपैकीच एक, वय ३२. क्रेब्ज चक्र आपण सगळ्यांनी पाठ केलंय, पण ते तेव्हा अजून सापडायचं होतं. आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी कुर्ट हेन्सेलाइट यांच्यासोबत यकृतात युरिया कसा तयार होतो ते दाखवलं होतं.

तोच शोध कामाला आला. केंब्रिजचे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स तेव्हा रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. क्रेब्ज यांनी त्यांच्याकडे कधी काम केलं नव्हतं, पण हॉपकिन्स यांनी ते संशोधन वाचलं होतं आणि १९३२ च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात त्याचा गौरवाने उल्लेखही केला होता. त्यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून सोय केली आणि जून १९३३ मध्ये क्रेब्ज केंब्रिजला पोचले.

सोबत काय होतं? ऑटो वॉरबुर्ग यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत ते एक तंत्र शिकले होते : ऊतींचे पातळ काप घ्यायचे आणि ते किती ऑक्सिजन वापरतात ते मॅनोमीटरने मोजायचं. ही उपकरणं त्यांना बरोबर नेता आली. म्हणजे बघा, नवी भाषा आणि नवं शहर असलं तरी पहिल्या दिवसापासून हात चालू शकत होते.

पण सगळेच क्रेब्ज नसतात. अर्न्स्ट चेन हे २६ वर्षांचे बायोकेमिस्ट एप्रिल १९३३ मध्येच इंग्लंडला आले तेव्हा त्यांच्या खिशात १० पौंड होते. कुणाच्या भाषणात त्यांचं नाव आलं नव्हतं. जे. बी. एस. हाल्डेन यांच्या मदतीने लंडनच्या एका रुग्णालयात काम मिळालं, मग केंब्रिजला हॉपकिन्स यांच्याकडे. ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी यांना बायोकेमिस्ट हवा होता. हॉपकिन्स यांनी चेन यांचं नाव सुचवलं आणि १९३५ मध्ये ते तिकडे गेले. पुढचं पेनिसिलिनचं काम तिथलंच.

आता तुम्ही म्हणाल, हा तर वशिला झाला! मला तसं वाटत नाही. वशिल्यात तुमचं काम न बघता नाव पुढे सरकवलं जातं. क्रेब्ज यांचं काम हॉपकिन्स यांनी वाचलं होतं, आणि चेन यांचं दोन वर्षं जवळून बघितलं होतं.

शिवाय ओळखीवर सगळं सोडून चाललं नसतं. तेव्हा मंदी होती, ब्रिटनमध्येच लाखो लोक बेकार होते. 'बाहेरचे येऊन आमच्या जागा घेतील' ही भीती तिथेही होती. मे १९३३ मध्ये विल्यम बेव्हरिज आणि इतरांनी अशा विस्थापित अभ्यासकांसाठी 'अ‍ॅकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल' स्थापन केली. रदरफर्ड तिचे अध्यक्ष झाले. वर्गणी गोळा करून तात्पुरतं मानधन द्यायचं आणि तेवढ्या काळात कायमची जागा शोधायला मदत करायची, असं ते काम चाले.

क्रेब्ज यांनाही स्थिरावायला वेळ लागला. १९३५ मध्ये शेफील्डला लेक्चरर म्हणून जागा मिळाली, तीही फार्माकॉलॉजी विभागात. आपला विषय नाही म्हणून त्यांनी ती सोडली नाही, कारण तिथे प्रयोगशाळा मोठी होती. तिथेच, कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर काम करताना, १९३७ मध्ये सायट्रिक अ‍ॅसिड चक्र सापडलं. 'नेचर'ने ते पत्र छापायला नकार दिला आणि ते दुसऱ्या नियतकालिकात आलं. नोबेल मिळालं १९५३ मध्ये.

'गुणवत्ता असली की सगळं होतं' असं मात्र मी म्हणणार नाही. चेन यांची आई आणि बहीण मागे राहिल्या आणि नाझींच्या छळात त्यांचा मृत्यू झाला. दार उघडणारं कुणी भेटलं नाही असे किती असतील!

आपल्या हातात काय आहे? एक तंत्र असं पक्कं करा की कुठल्याही प्रयोगशाळेत लगेच वापरता येईल. ज्यांना लिहिताय त्यांचे पेपर खरंच वाचा आणि तुमचं काम त्यांच्या कुठल्या प्रश्नाला लागू पडतं ते दोन ओळींत सांगा. विषयाच्या जरा बाहेरची जागा आली तर लगेच नाक मुरडू नका. आणि उद्या तुमच्या प्रयोगशाळेत कुणी नवखं आलं, तर त्याचं काम नीट बघा. दुसरीकडे त्याचं नाव सुचवण्याची वेळ तुमच्यावरही येईल.