खानदान कोणाचं मोठं?

आपल्या वऱ्हाडात सोयरीक जुळवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खानदान कैसा है?" अमरावती असो की अकोला, मुलगा काय करतो हे नंतर विचारलं जातं. बाप कोण, आजा कोण, बिरादरी कोणती, हे आधी. हा प्रश्न ऐकला की मला पाचशे वर्षांपूर्वीचं एक पत्र आठवतं. एका बापाने ते मुंबई बेटावरून लिहिलं होतं, आपल्या मुलाला मारणाऱ्यांच्या साथीदाराला.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज हिंदी महासागरात व्यापारी जहाजं अडवू लागले होते. मिरीचा व्यापार आणि हाजींची वाटही धोक्यात आली. तेव्हा कैरोच्या मामलुक सुलतानाने अमीर हुसेन या कुर्द सरदाराला आरमार देऊन हिंदुस्तानकडे पाठवलं. गुजरातच्या सुलतान महमूद बेगडाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला.

मार्च १५०८ मध्ये दोघांनी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना गाठलं. समोर होता लोरेन्सो द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा एकुलता एक मुलगा. कोचीच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांना संरक्षण देत तो आला होता. माघार घेताना त्याचं जहाज कोळ्यांनी रोवलेल्या मेढ्यांमध्ये अडकलं. गोळ्याने पाय जायबंदी झाला, तरी तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने त्याचा जीव घेतला. जहाज बुडालं, काही पोर्तुगीज कैद झाले. पोर्तुगीजांना इथल्या समुद्रात एवढा मोठा फटका प्रथमच बसला होता.

विजयानंतर मलिक अयाझने काय केलं? त्याने मेलेल्या मुलाच्या बापाला पत्र पाठवलं. तुमचा मुलगा शौर्याने लढला, असं सांगून त्याने बापाचं सांत्वन केलं. कैद्यांना नीट वागवलं. हे आपल्या कोणा भाटाने लिहून ठेवलेलं नाही, तर पोर्तुगीज बखरकारांनीच नोंदवलं आहे. यात राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. अयाझ धूर्त होता. पोर्तुगीज पुन्हा येणार, हे त्याला कळत होतं. पण हिशेब करणाऱ्या माणसालाही शत्रूच्या मुलाला शूर म्हणायला मन मोठं लागतं.

हा अयाझ कोण होता? त्याला खानदानच नव्हतं. तो गुलाम म्हणून या मुलखात आला होता. कुठल्या देशातून आला, यावरही इतिहासकारांचं एकमत नाही. आल्मेदा मात्र पोर्तुगालच्या बड्या उमराव घराण्यातला.

या उमराव बापाने काय केलं ते पाहा. त्याची जागा घ्यायला अल्बुकर्क येऊन दाखल झाला होता. सूड घेतल्याशिवाय कारभार सोडणार नाही, म्हणून आल्मेदा अडून बसला. १५०८च्या अखेरीस आरमार घेऊन तो निघाला आणि वाटेत दाभोळवर उतरला. दाभोळ आदिलशाहीचं बंदर. चौलच्या लढाईत तिथल्या लोकांचा हात नव्हता. तरी बायकामुलांसकट शहर कापून काढलं, जाळलं. दाभोळची ती कत्तल कोकणात कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी होती.

तिथून पुढे मुंबई बेटावर थांबून त्याने अयाझला ते पत्र लिहिलं. चौलमध्ये माझी माणसं आणि ज्याला माझा मुलगा म्हणत असा एक माणूस मारणाऱ्यांना धरायला मी येतोय. ते सापडले नाहीत तर तुझं शहर घेईन, असा त्याचा आशय. मुलाचं नावसुद्धा नाही. बापाचं दुःख त्यात आहे, मी ते नाकारत नाही. एकुलता मुलगा गेलेल्या माणसाची पत्रातली ती कोरडी भाषा वाचून काळजात कळ उठते. पण ते दुःख दाभोळच्या किती बापांच्या अंगणात गेलं?

३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला आल्मेदा जिंकला. त्या विजयाने पुढची शंभर वर्षं इथल्या समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसला. अयाझने चौलचे कैदी चांगले कपडे घालून, धडधाकट परत केले. आल्मेदाच्या हाती लागलेल्या कैद्यांच्या वाट्याला मात्र क्रूर मरण आलं. परतीच्या वाटेवर कन्नूरजवळ कित्येकांना तोफेच्या तोंडी दिलं. पुढच्याच वर्षी मायदेशी जाताना आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर स्थानिक लोकांशी झालेल्या झटापटीत आल्मेदा स्वतः मारला गेला.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. ज्या काळात हे घडलं, त्या काळात अचलपूरला इमादशाही होती. गाविलगडाची डागडुजी करणारा तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरच्या लढाईत पकडलेला हिंदू घरातला मुलगा, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढलेला. चौल ज्यांच्या ताब्यात होतं त्या निजामशाहांचा मूळपुरुषही पाथरीच्या ब्राह्मण घरातून आलेला. आपण ज्यांची नावं घेऊन खानदान सांगतो, त्यांचं स्वतःचं खानदान कैदेतून सुरू झालं होतं.

आज इतिहासाचा हिशेब मागणारे खूप आहेत. चौलचा राग दाभोळवर काढायचा, हीच त्यांची रीत. पाचशे वर्षांपूर्वी कोणी काय केलं, याचा जाब आज अकोल्यातल्या भाजीवाल्याला विचारला जातो. ते चूकच आहे. पण आपणही आरशात पाहायला हवं. माणूस जोखताना आपण त्याच्या आज्याचं नाव विचारतो आणि त्याची वागणूक विचारायची राहून जाते.

म्हणून पुढच्या वेळी सोयरिकीला बसलात तर एक प्रश्न जास्तीचा विचारा. ज्याच्याशी त्याचं भांडण झालं, त्याच्याबद्दल हा मुलगा काय बोलतो? खानदान तिथे कळतं.